गुण कमी पडले, पण नेमके कुठे?

पत्राचा सारांश : माणदेशातील एका गावातून एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने हे पत्र लिहिले आहे. दहावी मराठी माध्यमातून, ६४ टक्के. अकरावीला तालुक्याच्या गावी विज्ञान शाखा घेतली आणि सगळे विषय एकदम इंग्रजीत आले. भौतिकशास्त्राला तर वर्षभर पूर्णवेळ शिक्षकच नव्हते. बारावीत भौतिकशास्त्र ४१, रसायनशास्त्र ४७, जीवशास्त्र ६८ आणि इंग्रजी ५६ असे गुण पडले. ‘नीट’ या देशपातळीवरील वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत ७२० पैकी २६८ मिळाले : जीवशास्त्रात १९०, रसायनशास्त्रात ५८, भौतिकशास्त्रात २०. घरी दोन संकरित गाई आणि काही शेळ्या आहेत. त्यांची धार, चारापाणी, औषधपाणी ती लहानपणापासून करते आणि तिला पशुवैद्यकच व्हायचे आहे. वर्गशिक्षकांनी ‘हे तुझ्या आवाक्यातले नाही’ असे सांगितले. वडिलांच्या मते पशुसंवर्धनाची पदविका करावी, कारण ‘गावात त्यांनाही डॉक्टरच म्हणतात’. मामांनी परराज्यातील एका खासगी महाविद्यालयात जागा मिळवून देणारा मध्यस्थ शोधला असून त्यासाठी जमिनीचा तुकडा विकण्याची चर्चा घरात सुरू आहे. ती विचारते : ‘शाळेपासूनच ज्याला गुण पडत नाहीत, त्याने हे स्वप्न सोडून द्यावे का? की जनावरांची माया असणे पुरेसे असते?’

उत्तर :

तुझ्या पत्रात सगळे गुण एका ओळीत आले आहेत, दहावीचे, बारावीचे आणि ‘नीट’चे, आणि त्या ओळीच्या शेवटी तू स्वतःच ‘मला गुण पडत नाहीत’ असा निकाल लिहून ठेवला आहेस. तो निकाल आपण थोडा बाजूला ठेवू आणि आधी हे आकडे वेगवेगळे करू, कारण पशुवैद्यकीय पदवीच्या प्रवेशात त्यांची कामे वेगवेगळी आहेत.

दहावीचे ६४ टक्के या प्रवेशात कोणीही मोजत नाही. बारावीचे गुण मोजतात, पण केवळ उंबरठ्यापुरते : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या चार विषयांची बेरीज खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० टक्के लागते, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत असते आणि प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण असावे लागते. तुझी बेरीज ४०० पैकी २१२, म्हणजे ५३ टक्के होते. तू उंबरठा ओलांडलेला आहेस आणि इथून पुढे ५३ टक्के काय किंवा ९३ टक्के काय, त्याने फरक पडत नाही. (ज्यांची ही बेरीज थोडक्यात हुकली आहे, त्यांना राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेखाली बारावी पुन्हा देता येते. बारावीत अडकलेल्या मुलांना ही वाट अनेकदा कोणी सांगतच नाही.) राहिली ‘नीट’. स्पर्धा आहे ती एवढ्या एकाच परीक्षेत. ‘शाळेपासूनच’ हा शब्द म्हणून तुझ्या प्रश्नातून काढून टाकायला हवा.

आता ‘नीट’च्या गुणांकडे जरा बारकाईने पाहू. जीवशास्त्राच्या ३६० पैकी १९० गुण तू कोणत्याही शिकवणीशिवाय मिळवले आहेस; निम्म्याहून अधिक. भौतिकशास्त्रात मात्र १८० पैकी २० आहेत आणि तू लिहितेस की त्या विषयाचा एकही प्रश्न तू सोडला नाहीस. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा, या हिशेबाने ४५ पैकी १३ बरोबर आणि ३२ चूक आले असले पाहिजेत : ५२ मधून ३२ गेले, २० उरले. डोळे मिटून खुणा केल्या असत्या, तरी चारांतला एक या नियमाने अकरा-बारा उत्तरे बरोबर आलीच असती. याचा अर्थ तुला भौतिकशास्त्रात कमी गुण पडले असा होत नाही. भौतिकशास्त्राची परीक्षा तू अजून दिलेलीच नाहीस, असा त्याचा अर्थ होतो. ज्या विषयाला वर्षभर शिक्षक नव्हते आणि ज्याची भाषा अकरावीत एका दिवसात बदलली, त्याच्या गुणांवरून तुझ्या बुद्धीचा अंदाज बांधणे तुझ्या वर्गशिक्षकांनीही टाळायला हवे होते.

तरीही शिक्षकांचे म्हणणे मी पूर्णपणे बाजूला सारणार नाही, कारण २६८ गुणांवर बसून राहण्याची सोय या प्रवेशात नाही. ‘नीट’ची पात्रता मिळणे आणि पशुवैद्यकाची जागा मिळणे यांत बरेच अंतर असते. किती गुण लागतील, असे सगळेच विचारतात. पण गुणांचा आकडा दरवर्षी प्रश्नपत्रिकेच्या काठिण्याप्रमाणे हलतो. वैद्यकीय पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाची रेषा २०२४ मध्ये १६२ गुणांवर होती, ती २०२५ मध्ये १४४ वर आली. म्हणून गेल्या वर्षीच्या गुणांशी तुलना न करता गुणवत्ता क्रमांकाशी करावी. राज्याच्या कोट्यातील ८५ टक्के जागांचे प्रवेश नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ करते आणि उरलेल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत देशपातळीवर भरल्या जातात. विद्यापीठाच्या निवडयाद्यांत महाविद्यालय आणि प्रवर्ग यांनुसार शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला, ते दिसते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ या पाच जुन्या महाविद्यालयांच्या मागील दोन-तीन वर्षांच्या याद्या काढ, तुझ्या प्रवर्गाचे शेवटचे क्रमांक वहीत लिहून घे आणि ते वडिलांनाही दाखव. शिरवळ तुम्हाला सर्वांत जवळ आहे, पण पसंतीक्रम भरताना पाचही भरावीत. घराजवळच्या एका नावासाठी जागा गमावणारी मुले दरवर्षी असतात.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तिथे माझे तुझ्याशी थोडे मतभेद आहेत. जनावरांची माया पुरेशी नसते. या पदवीचा अभ्यास साडेचार वर्षे वर्गात आणि प्रात्यक्षिकांत, आणि त्यानंतर एक वर्ष आंतरवासितेत चालतो, आणि तो सोपा नाही. माणसांचा डॉक्टर एका प्रजातीची शरीररचना शिकतो. इथे गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, कुत्रा, कोंबडी अशा सगळ्यांची शिकावी लागते आणि त्यांच्यातले फरक नुसते पाठ करून भागत नाही. चार कप्प्यांच्या पोटाची गाय आणि एकाच कप्प्याच्या पोटाचा, ओकारी न करू शकणारा घोडा यांच्या पोटदुखीवर एकच उपाय चालत नाही. माणसाला तापावर सहज दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात दुबळी असते. जनावरांना वेदनाशामक म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे मेलेली गुरे खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली आणि देशातून जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी घालावी लागली. हे सगळे रसायनशास्त्र आहे. जीवरसायनशास्त्र, औषधशास्त्र, विषशास्त्र असे विषय पुढे तुझी वाट पाहत आहेत, म्हणून तुझ्या भौतिकशास्त्राच्या २० गुणांपेक्षा रसायनशास्त्राच्या ५८ गुणांची मला अधिक काळजी वाटते. भौतिकशास्त्र प्रवेशापुरते जिंकले की पुढे फारसे आडवे येत नाही. रसायनशास्त्र शेवटपर्यंत सोबत राहते.

इंग्रजीचेही तसेच. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीत घेता येते, तिच्यात इंग्रजी मजकूरही सोबत असतो, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी हा पर्याय लाज वाटते म्हणून टाळू नये. मात्र पदवीचा अभ्यास इंग्रजीतूनच होतो. तेव्हा मराठीतून समजून घेणे आणि इंग्रजीतून वाचायची सवय लावणे ही दोन्ही कामे याच वर्षी सुरू झाली पाहिजेत.

आणि मायेबद्दल आणखी एक. तू गाईची धार काढतेस, शेळी व्यायली की रात्रभर जागतेस, हे तुझ्या बाजूचे मोठे भांडवल आहे; शहरातून येणाऱ्या पुष्कळ मुलांना गाईच्या जवळ उभे राहण्यापासून शिकावे लागते. परंतु घरच्या गाईवर माया करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या गाईवर उपचार करणे वेगळे. पशुवैद्यकाचा निम्मा दिवस जनावराशी आणि निम्मा त्याच्या मालकाशी जातो. अडलेल्या गाईच्या पोटातले वासरू मेलेले आहे आणि गाय वाचवायची तर ते कापून काढावे लागेल, हे पहाटे तीनला कोणाला तरी सांगावे लागते. उपचाराचा खर्च जनावराच्या किमतीपेक्षा वाढतो तेव्हा मालकाने काय करावे, याचा सल्ला द्यावा लागतो आणि तो सल्ला मायेच्या विरुद्ध असू शकतो. विम्यासाठी शवविच्छेदन, लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाच्या लसीकरणाच्या फेऱ्या, कृत्रिम रेतनाच्या नोंदी, शासकीय अहवाल : कामाचा मोठा भाग असा असतो. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा राज्यभरातील पशुवैद्यकांनी महिनोन्‌महिने गोठ्यागोठ्यांत लसीकरण केले, त्यांतल्या अनेकांच्या वाट्याला कौतुकापेक्षा लोकांचा रागच अधिक आला.

हे वाचून घाबरावे असा माझा हेतू नाही, हे प्रत्यक्ष पाहावे एवढाच आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेट, आपली इच्छा सांग आणि काही सकाळी नुसते उभे राहून काम पाहण्याची परवानगी माग. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. गर्भतपासणीसाठी कोपरापर्यंत हात घालणे, पोटफुगीच्या गाईच्या पोटात सुई टोचणे, पू भरलेले गळू फोडणे, हे सगळे बघ आणि घरी आल्यावर स्वतःला विचार की उद्या पुन्हा जावेसे वाटते का. शहरातील वाचकांनाही माझे हेच सांगणे आहे. घरी एक कुत्रा किंवा मांजर पाळल्याने या व्यवसायाची कल्पना येत नाही. मुंबईत राहणाऱ्यांनी परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एखादी सकाळ काढावी. १८८० च्या दशकापासून चालू असलेल्या त्या आवारात एका सकाळी जे दिसते, ते माहितीपत्रकांत सापडत नाही.

तुझ्या वडिलांच्या सुचवणीकडे मी आदराने पाहते. पशुसंवर्धनाचा पदविका अभ्यासक्रम हा चांगला, कमी खर्चाचा आणि लवकर कमावते करणारा मार्ग आहे. पशुधन पर्यवेक्षक गावोगावी फिरतात, लसी टोचतात, कृत्रिम रेतन करतात, प्रथमोपचार करतात. ग्रामीण महाराष्ट्रात जनावराला पहिला हात बहुधा त्यांचाच लागतो. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल आणि एक कोटीहून अधिक शेळ्या होत्या. एवढ्या पशुधनाला पदवीधर पशुवैद्यक एकटे पुरे पडत नाहीत. परंतु गावाने डॉक्टर म्हणणे आणि कायद्याने पशुवैद्यक असणे या दोन गोष्टी वडिलांच्या बोलण्यात एक झाल्या आहेत. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराला आहे. पदविकाधारकांना त्यांच्या देखरेखीखाली आणि मार्गदर्शनाखाली ठरावीक किरकोळ सेवा देता येतात. शिवाय अभियांत्रिकीत जसा पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तसा इथे मिळत नाही. पदविका केल्यावरही पदवीसाठी बारावीची तीच अट आणि तीच ‘नीट’ उरते. तेव्हा पदविका करायची असेल तर ती पर्यवेक्षकाचे काम आवडते म्हणून करावी. पदवीकडे जाणारा मागचा दरवाजा म्हणून केली, तर पुढे कडवटपणा येतो.

मामांच्या मध्यस्थाबद्दल मी फार लिहिणार नाही. महाविद्यालयाला भारतीय पशुवैद्यक परिषदेची मान्यता आहे का, ती चालू वर्षासाठी आहे का आणि तिथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी झाली आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे परिषदेकडून लेखी मिळाल्याशिवाय एक रुपयाही कोणाला देऊ नये. मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय व्यवसाय करता येत नाही. उत्तरे समाधानकारक आली तरी जमीन विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोरडवाहू भागात दोन गाई, शेळ्या आणि जमिनीचा तुकडा ही तुमच्या घराची सुरक्षितता आहे, आणि तुझी पहिली नोकरी लागेपर्यंतची सहा-सात वर्षे ती अबाधित राहायला हवी.

मग करायचे काय? माझा कौल एका वर्षाला आहे, पण फक्त एका वर्षाला आणि काही अटींवर. ‘नीट’ कितीदा द्यावी यावर मर्यादा नाही आणि हेच तिचे मोठे संकट आहे. चौथ्या-पाचव्या खेपेला बसलेली, मधली उमेदीची वर्षे गमावलेली मुले मी पाहते तेव्हा कोणीतरी वेळेवर थांबा म्हणायला हवे होते, असे वाटते. तुझ्या बाबतीत मात्र पुन्हा प्रयत्न करण्याला ठोस कारण आहे : एक विषय पूर्ण कोरा आहे आणि कोऱ्या पाटीवर गुण वाढायला जागा असते. ज्याचे तिन्ही विषय दोन वर्षे शिकवणी लावून १०० च्या आसपास अडकले आहेत, त्याला मी हाच सल्ला दिला नसता.

लातूरला किंवा राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन महागडी शिकवणी लावावी असे मला वाटत नाही. त्या वर्गांचा वेग पाया तयार असलेल्यांसाठी असतो आणि तुझा भौतिकशास्त्राचा पाया अकरावीच्याही मागे, आठवी-नववीच्या बीजगणितात सुटला असावा अशी मला शंका आहे. बारावीला गणित नसलेल्या मुलांचे पुष्कळदा असेच होते : सूत्र पाठ असते, पण घातांक, गुणोत्तर, त्रिकोणमितीची दोन-चार मूल्ये आणि सदिशांची बेरीज इथे हात थबकतो. पहिले सहा आठवडे केवळ या गणिताला दे, गावातील एखाद्या गणिताच्या शिक्षकांकडे बसून. त्यानंतर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके, कारण ‘नीट’च्या प्रश्नांचा कणा तोच आहे, आणि त्यांतही आधी विद्युत, प्रकाश, आधुनिक भौतिकी आणि उष्णता, मग यंत्रशास्त्र. रसायनशास्त्रात असेंद्रिय भाग पाठांतराचा आहे, तो रोज थोडा. मोल संकल्पना आणि सेंद्रिय अभिक्रिया समजून घेण्याला वेळ दे. जीवशास्त्र सोडू नकोस, पण ते आवडते म्हणून दिवसभर तेच उघडून बसू नकोस. आवडत्या विषयामागे लपणे हा नावडत्या विषयापासून पळण्याचा सभ्य मार्ग असतो. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही तो सोडायला शीक; तुझ्या ३२ चुकांनी या वेळी ३२ गुण नेले आहेत.

घरी कामाचा बोजा असतो, हे तुझ्या पत्रावरून दिसते. धार आणि चारापाणी सोडून दे असे मी म्हणणार नाही, ते शक्यही नसेल. परंतु दिवसाचे सलग सात तास तुझे असावेत, एवढे आईवडिलांकडून आजच कबूल करून घे. त्या बदल्यात त्यांना एक तारीख दे. डिसेंबरअखेर घड्याळ लावून पूर्ण अभ्यासक्रमावरच्या तीन सराव परीक्षा दे. भौतिकशास्त्रात ८० च्या, रसायनशास्त्रात १०० च्या पुढे आणि जीवशास्त्रात २५० च्या आसपास पोहोचली असशील, तर मेच्या परीक्षेपर्यंत पूर्ण जोर लावणे योग्य ठरेल. तिथवर पोहोचली नसशील, तर ‘नीट’ जरूर दे, पण पुढच्या वर्षाची आखणी दुसऱ्या मार्गाभोवती कर.

तो दुसरा मार्गही आताच तयार ठेवता येतो. याच अभ्यासावर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा देता येते, तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि तिच्या आधारे कृषी आणि मत्स्यविज्ञानाच्या पदव्यांना प्रवेश मिळतो. दुग्धतंत्रज्ञानाला मात्र गणित लागते, त्यामुळे तो पर्याय तुझ्यासाठी नाही. सीईटीचा अर्ज भरण्याची मुदत ‘नीट’च्या निकालाच्या कितीतरी आधी संपते, म्हणून ‘निकाल पाहून ठरवू’ असे म्हणणाऱ्यांची ही संधी हुकते. पदविकेचे दारही पुढच्या वर्षी तुझ्यासाठी उघडेच असेल, हे वडिलांना सांग. त्यांची सुचवणी तू फेटाळत नाहीस, फक्त एक वर्ष पुढे ढकलते आहेस.

खर्चाबद्दल दोन गोष्टी. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना राज्य शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे आणि पशुसंवर्धन विभागाच्या अखत्यारीतील अभ्यासक्रम त्यात येतात. दहावी नुकतीच झालेल्या इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातील धाकट्या भावंडांसाठी ‘महाज्योती’ या राज्य शासनाच्या संस्थेच्या विनाशुल्क ‘नीट’ प्रशिक्षणाची चौकशी करावी. दोन्हींसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आणि जिथे लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेयर आणि जातवैधता प्रमाणपत्र लागते. जातवैधतेला महिनोन्‌महिने लागू शकतात आणि ऐन प्रवेशफेरीत त्या एका कागदावाचून हातची जागा गेल्याची पत्रे माझ्याकडे दर ऑगस्टमध्ये येतात. तेव्हा भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडण्याआधी, या आठवड्यातच, वडिलांना सोबत घेऊन तहसील कार्यालयात जा आणि अर्जाची पोच घेऊनच परत ये.